कच्च्या लिंबावरही राज्य येऊ द्या : दिव्यांग मुलं आणि खेळ



सुरुवातीला एक प्रश्न विचारते. लहानपणी 'कच्चा लिंबू' असलेले इथे किती जण आहेत? हात वर करा, लाजू नका. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. मीही होते. तीन बहिणींत धाकटी, त्यामुळे दोन-तीन वर्षं तरी माझा तोच हुद्दा होता. (हशा)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लपंडाव असो, शिवणापाणी असो, गल्लीतल्या मोठ्या मुलांच्या खेळात एखादं धाकटं भावंड रडून-भेकून घुसतं. त्याला हाकलता येत नाही, कारण ते लगेच आईकडे जाणार. मग मुलं तोडगा काढतात : हा कच्चा लिंबू. त्याने पळायचं, लपायचं, ओरडायचं, सगळं करायचं. पण पकडलं तरी तो आउट नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. मुलांच्या जगातली ही शहाणी तडजोड आहे, मी तिची चेष्टा करत नाहीये. पण तिला मुदत असते. वर्ष-दोन वर्षांत एक दिवस कुणीतरी म्हणतं, "आता ही मोठी झाली, आता हिच्यावर राज्य." माझ्यावर पहिल्यांदा राज्य आलं तेव्हा मी मैदानात रडले होते, आणि घरी जाऊन मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं होतं की आज माझ्यावर राज्य आलं.

मी विशेष शिक्षिका म्हणून ज्या मुलांबरोबर काम करते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ही मुदत संपतच नाही. मूल आठ वर्षांचं होतं, बारा वर्षांचं होतं, तरी कच्चा लिंबूच. वाढदिवसाला बोलावतात, संगीत खुर्चीत फिरवतात, आणि खुर्ची मिळाली नाही तरी "असू दे रे, त्याला काय कळतंय" म्हणून पुन्हा फिरवतात. शाळेत तर तेवढंही नाही. पीटीच्या तासाला हे मूल कुठे असतं, सांगा बरं? दप्तरांजवळ. सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखत.

तुम्ही म्हणाल, चपला राखणं वाईट, पण कच्चा लिंबू म्हणून खेळला तर काय बिघडलं? खेळायला तर मिळतंय. बिघडतं ते असं. ज्याच्यावर राज्य आहे तो काय करतो बघा. डोळे मिटून आकडे म्हणतो, म्हणजे डोळे उघडायची हाव आवरतो. कोण कुठे लपला असेल याचा अंदाज बांधतो, म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो. एकाला शोधताना दुसरा मागून येऊन धप्पा देईल, हे लक्षात ठेवतो. आणि धप्पा बसलाच तर चिडून का होईना, पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. लक्ष, आठवण, भाषा, राग गिळणं, सगळं त्यात आलं. आपण ज्याला शिकणं म्हणतो ते राज्यात असतं, नुसत्या पळण्यात नसतं. कच्च्या लिंबाला यातलं काहीच करावं लागत नाही. तो पळाला काय आणि बसला काय, खेळात फरक पडत नाही. आणि आपल्या करण्याने काही फरक पडत नाही, हे मुलाला फार लवकर कळतं. "याला काही समजत नाही" असा शिक्का ज्याच्यावर मारलाय, त्यालाही कळतं.

मग काय, ज्याला नीट चालता येत नाही त्याला सगळ्यांबरोबर पळायला लावायचं आणि दर वेळी आउट करायचं? तेही नाही. यातून वाट कशी काढायची, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अंधांचं क्रिकेट.

हा खेळ १९२२ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये सुरू झाला. कारखान्यातल्या दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरले आणि त्याचा चेंडू केला. आज प्लॅस्टिकचा चेंडू असतो, आत छर्रे असतात, तो खुळखुळतो. गोलंदाज हात खालून टाकतो. टाकण्याआधी "रेडी?" विचारतो, फलंदाज "येस" म्हणतो, मग "प्ले" म्हणून चेंडू सुटतो. चेंडू खेळपट्टीच्या अर्ध्याच्या आत टप्पा घेतो, म्हणजे तो जमिनीवरून आवाज करत येतो आणि कानाला वेळ मिळतो. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध लागतात, बाकीच्यांना कमी-अधिक दिसतं. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात, त्याला धावायला रनर मिळतो. पूर्ण अंध क्षेत्ररक्षकाने एक टप्पा पडून झेल घेतला तरी तो झेल. १९९८ मध्ये याचा पहिला विश्वचषक आपल्याकडे दिल्लीत झाला.

आता यातली गंमत बघा. नियम किती बदलले! चेंडू बदलला, टप्पा बदलला, धावांचा हिशेब बदलला. पण त्रिफळा उडाला की पूर्ण अंध फलंदाजसुद्धा आउट. तिथे कुणी म्हणत नाही, "जाऊ दे बिचारा, अजून एक बॉल दे." नियम वाकवले ते त्याची खेळी खरी व्हावी म्हणून, त्याला खेळातून अलगद बाजूला ठेवण्यासाठी नाही. आज मी जे काही सांगणार आहे ते या एका फरकाबद्दल आहे.

पण आपल्यापैकी बहुतेकांची मुलं अजून मैदानापर्यंत पोचलेली नाहीत. समोर अंगणवाडीतल्या ताया बसल्यात, तीन-चार वर्षांच्या मुलांचे आईबाबा बसलेत. तर आपण मागे जाऊ, पार पाळण्यापर्यंत. राज्य येणं ही गोष्ट तिथेच सुरू होते.

तान्हं बाळ पाय झाडतं, पायाला टांगलेला खुळखुळा लागतो, आवाज होतो. बाळ थबकतं. पुन्हा पाय झाडतं. पुन्हा आवाज! आता त्याला काहीतरी भयंकर महत्त्वाचं कळलेलं असतं, की हे मी केलं. पुढचं सगळं शिकणं यावर उभं राहतं. हाक मारली की कुणी येतं, बोट दाखवलं की वस्तू मिळते, शब्द म्हटला की काम होतं. सगळ्याचं मूळ तो खुळखुळा. आता ज्या बाळाचे हातपाय ताठ आहेत, किंवा ज्याला दिसत नाही, त्याच्या हातून असा अपघात घडतच नाही. घडला तरी क्वचित. मग आपण काय करतो? त्याच्यासमोर बसून आपणच खुळखुळा वाजवतो. तासन्‌तास, प्रेमाने. बाळ प्रेक्षक होतं. घरात खेळण्यांच्या दोन-दोन पिशव्या, आणि खेळतंय कोण? तर आजी.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. सेरेब्रल पाल्सी असलेली साडेतीन वर्षांची एक मुलगी होती. मी तिच्या आईला कार्यक्रम लिहून दिला : दांडीत रिंगा घालणे, सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. महिन्याने घरी गेले तर मुलगी रिंगा बघताच मान फिरवायची. आई तिचा हात धरून, मूठ उघडून, रिंग पकडवून, दांडीत घालून घ्यायची. चाळीस मिनिटं रोज. मी विचारलं, "हिला खेळायला आवडतं का?" आई म्हणाली, "मॅडम, खेळायला वेळच कुठे मिळतो? तुम्ही दिलेलं करून घेईपर्यंत दिवस जातो." मी दिलेली वस्तू खेळणं होतं, पण खेळ नव्हता. त्या मुलीच्या दृष्टीने तो रोजचा हात पिरगाळण्याचा कार्यक्रम होता.

ही चूक माझ्या एकटीची नाही, आमच्या सबंध क्षेत्राची आहे. थोडा इतिहास सांगते. मॉन्टेसरी शाळा आपण सगळे ओळखतो. लाकडी ठोकळे, साच्यात बसणारे आकार, दट्ट्याच्या पेट्या. हे साहित्य मुळात आलं कुठून? डॉ. मारिया मॉन्टेसरी १९०० च्या सुमारास रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. त्याआधी फ्रान्समध्ये इतार आणि त्यांचे शिष्य सेगां यांनी अशा मुलांसाठी जे साहित्य केलं होतं, ते मॉन्टेसरींनी अभ्यासलं, वापरलं, वाढवलं. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं, तेव्हा तेच साहित्य इतर मुलांच्या हाती गेलं. पुढे ते आपल्याकडे आलं, आणि ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला महागड्या साहित्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड आणले. म्हणजे आपल्या बालवाडीतल्या खेळण्यांचे पूर्वज दिव्यांग मुलांसाठी जन्मले होते. आपण उलटं समजतो, की खेळणी 'नॉर्मल' मुलांची आणि यांच्यासाठी त्यात काही सोय करायची.

आणि त्या सेगां यांच्या फळीचं आज काय झालंय? दवाखान्यात गेलेल्या बऱ्याच पालकांनी ती पाहिली असेल. दहा लाकडी आकार, फळीत दहा खाचा. मुलाने आकार खाचेत बसवायचे. समोर स्टॉपवॉच. तीनदा करून घेतात, सगळ्यात कमी वेळ लागला तो धरतात, आणि त्यावरून मुलाचं बौद्धिक वय काढतात. चाचणी म्हणून तिचा उपयोग आहे, माझा वाद नाही. पण मुलाने हाताळून, चुकून, पुन्हा बसवून शिकावं म्हणून जी वस्तू निघाली, ती आता त्याला मोजायला वापरतात. आणि मग घरीसुद्धा आपण खेळणं दिलं की मनातल्या मनात स्टॉपवॉच लावून बसतो. "हा कोणता रंग? सांग. लाल ना? लाल म्हण." मूल गाडी चालवतंय आणि आपण परीक्षा घेतोय.

तर त्या मुलीच्या घरी आम्ही काय केलं ते सांगते. रिंगा माळ्यावर टाकल्या. आधी तिला नीट बसवलं. हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा रेंगाळते. ज्या मुलाचं धड स्थिर नाही, त्याची सगळी ताकद न पडण्यात जाते. तुम्ही एका पायावर उभं राहून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे कळेल. त्यामुळे खेळण्याच्या आधी बैठक. विशेष खुर्ची मिळाली तर उत्तम. नसेल तर घरात दोन भिंतींचा कोपरा असतोच. कोपऱ्यात पाठ टेकवून बसवा, दोन्ही बाजूंना घट्ट गुंडाळलेल्या गोधड्या, दोन मांड्यांच्या मध्ये एक लहान लोड, म्हणजे पाय एकमेकांवर चढत नाहीत. समोर चौरंग किंवा पाट, कोपर टेकता येईल इतक्या उंचीचा. कोपर टेकलं की हात मोकळा होतो. प्रत्येक मुलाची बैठक वेगळी, ती एकदा फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून बघून घ्या.

मग चौरंगावर एक स्टीलचं ताट उपडं ठेवलं, काठापासून जरा बाहेर येईल असं. त्यावर एक वाटी, वाटीत दोन चमचे. हात कसाही, कुठूनही ताटाला लागला तरी सगळं खाली पडून दणका होणार. आणि आईला सांगितलं, आता काही करायचं नाही. गप्प बसायचं.

हे सगळ्यात अवघड. मी घड्याळ लावून बघितलंय, आपण मोठी माणसं दोन-तीन सेकंदांच्या वर थांबत नाही. लगेच हात धरतो, नाहीतर "कर, कर, ढकल ना" म्हणून भंडावून सोडतो. या मुलांना मेंदूतला विचार हातापर्यंत पोचवायला वेळ लागतो, आणि मधेच आपण बोललो की ते पुन्हा पहिल्यापासून. मनात दहा आकडे मोजा. मग आणखी दहा. तोंडाने नाही, चेहऱ्याने थांबा. म्हणजे मुलाला कळलं पाहिजे की तुम्ही त्याच्या डावाची वाट बघताय, कंटाळला नाहीत.

त्या दिवशी किती वेळ गेला मला आठवत नाही, पण आई दोनदा पुढे झाली आणि दोनदा मी तिचा पदर ओढला. मग मुलीचा हात थरथरत सरकला आणि ताट पडलं. असला आवाज झाला की शेजारच्या काकू धावत आल्या. आणि ती हसली. आईने ताट पुन्हा लावलं. पुन्हा पाडलं. आठ-दहा वेळा. त्या महिन्यात तिने हात जेवढा पुढे नेला, तेवढा रिंगांच्या महिन्यात नेला नव्हता. आणि एक गोष्ट आम्ही ठरवलीच नव्हती. ताट लावल्यावर ती आता आईकडे बघायला लागली. आधी आईकडे बघायचं, मग पाडायचं. तिला प्रेक्षक मिळाला होता. भाषेची सुरुवात अशी होते.

अंध बाळाचं गणित थोडं वेगळं असतं. दिसणारं बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की समोरच्या वस्तूकडे हात नेतं, कारण वस्तू डोळ्यांना बोलावते. अंध बाळाला नुसत्या आवाजावरून "तिथे काहीतरी आहे" हे कळायला पहिलं वर्ष संपत येतं. अमेरिकेत सेल्मा फ्रायबर्ग यांनी अशा बाळांचा बारकाईने अभ्यास करून हे दाखवलं. तोपर्यंत हातातून पडलेली वस्तू त्याच्या लेखी जगातूनच नाहीशी झालेली असते. म्हणून असं मूल शांत पडून राहतं, आणि घरचे म्हणतात, "किती गुणी आहे, अजिबात त्रास देत नाही." त्रास देत नाही ही तक्रार समजा, कौतुक नको.

डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी यावर एक साधा उपाय काढला. त्यांची काही भावंडंच अंध होती. त्यांनी एक लहानशी खोलीवजा पेटी केली, बाळ आत निजवायचं, आणि वरून, बाजूंनी वस्तू टांगायच्या. हात हलला की काहीतरी लागतं. सोडलं तरी ती वस्तू तिथेच असते, आणि पुन्हा हात नेला की पुन्हा सापडते. आपल्या घरी हे टेबलाखाली करता येतं. टेबलाच्या खालच्या अंगाला जाड इलॅस्टिकने वस्तू बांधा : स्टीलची वाटी, लाकडी पळी, बांगड्यांचा जुडगा, नारळाची करवंटी, कोरी घासणी. थंड, गरम, खरखरीत, गुळगुळीत. दोन गोष्टी पाळा. जागा रोज त्याच ठेवा, म्हणजे त्याला "वाटी डाव्या हाताला" हा नकाशा करता येईल. आणि इलॅस्टिक इतकं आखूड हवं की कुठल्याही परिस्थितीत गळ्याभोवती येणार नाही. वस्तू घशात अडकेल इतकी लहान नको. चिंचोके, मणी, घड्याळाचे सेल तर अजिबात नकोत. मोठं माणूस त्या खोलीत हवं, पण शांत बसलेलं. बाळ आवाज ऐकून जग ओळखतंय, त्यावर आपलं "अरे वा, शाब्बास" सारखं सारखं कशाला?

आणि त्याला नवी वस्तू दाखवायची असेल तर त्याचा हात धरून वस्तूवर आदळू नका. आपला हात खाली, त्याचा हात आपल्या हातावर. आपण वस्तू हाताळायची, तो आपल्या हातावरून चाचपत पुढे येतो. नको वाटलं तर मागे घेतो. हात कुणी ओढत नाही, त्यामुळे तो भीत नाही.

स्वमग्न मुलांबद्दल प्रत्येक सभेत प्रश्न येतो, म्हणून आधीच बोलते. एक मुलगा होता, बाटल्यांची झाकणं एका रांगेत लावायचा. तासभर. आई झाकणं लपवायची, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की ही सवय मोडली पाहिजे. लपवली की हा डोकं आपटायचा. मी काय केलं? पिशवीत वीस झाकणं घेऊन गेले आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर माझी रांग लावायला लागले. त्याच्या झाकणांना हात लावला नाही. बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याने माझ्या रांगेतलं एक तिरकं झाकण सरळ केलं. बास. ती आमची पहिली गप्पा होती. मग मी मुद्दाम एक तिरकं ठेवायला लागले, आणि तो ते सरळ करून माझ्याकडे बघायला लागला. हे दर वेळी चार दिवसांत होतं असं नाही. कधी महिने जातात, काही मुलांना तुमचं शेजारी बसणंही नको असतं, तेव्हा उठून जायचं. पण खेळात शिरायची परवानगी मागावी लागते, एवढं मी त्या झाकणांवरून शिकले. आणि रांगा लावणं हा खेळ नाही, असं ठरवणारे आपण कोण? आपण नाही का दिवाळीत पणत्या एका रेषेत येईपर्यंत सरकवत बसत?

भातुकलीबद्दल थोडक्यात. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, डाऊन सिंड्रोम असलेली मुलं लुटूपुटूच्या खेळाकडे उशिरा येतात, पण येतात. त्यांना एकदम रिकाम्या हवेतला चहा देऊ नका. आधी खरी वाटी, खरं पाणी, खरी कणीक. पोळ्या लाटताना एक गोळा त्यांच्या हातात द्या, ती काही भातुकली नव्हे पण तिची आई आहे. मग खरी कपबशी, पण रिकामी. तुम्ही फुंकर मारून प्या. मग बाहुलीला पाजा. मग एके दिवशी ठोकळाच कप होतो. जे नाही ते आहे असं धरून चालणं, हीच तर शब्दाची युक्ती आहे. 'पाणी' हा शब्द काही ओला नसतो.

आता पुन्हा मैदानात येऊ. शाळेतले शिक्षक बसलेत म्हणून कायद्याचं एकच वाक्य सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ : शाळेने या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि शिक्षणाबरोबरच खेळ व मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची. चपला राखणं त्यात बसत नाही. काही बदल अगदी साधे आहेत. ऐकू न येणारं मूल असेल तर शिट्टीबरोबर रुमाल हलवा. खो-खोत तर खो देताना पाठीला हात लावायचाच असतो, म्हणजे निम्मी सोय खेळातच आहे. लगोरी रचायला वाकता येत नसेल तर लगोरी स्टुलावर मांडा.

पण खरं सांगू का, नियम बदलायचं काम मोठ्यांनी करूच नये. आपण बदलले की त्यात दया शिरते. एका शाळेत पाचवीतला एक मुलगा होता, पोलिओसारखे पाय, हातांवर सरकत जायचा. मी मुलांना एवढंच विचारलं, "याच्यावर राज्य आलं तर खेळ कसा होईल?" आधी शांतता. मग एकजण म्हणाला, "याच्यावर राज्य आलं की बाकीच्यांनी लंगडी घालायची." दुसरा म्हणाला, "आणि मैदान अर्धं करायचं." वाद झाले, खडूने रेघ मारली गेली, पुसली गेली, पुन्हा मारली गेली. पहिल्या दिवशी त्याने कुणालाच पकडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघांना. लंगडी घालणारा माणूस वळायला किती वेळ घेतो, हे त्याने हेरलं होतं, आणि तो लपतछपत बाजूने यायला लागला. तिसऱ्या दिवशी एक मुलगी तणतणत माझ्याकडे आली. "बाई, हा रडी खेळतो! रेघेच्या बाहेरून येतो!"

मी त्या मुलीला काही बोलले नाही. पण मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! पाचवीपर्यंत त्या मुलावर कुणी रडी खेळल्याचा आरोप केला नव्हता. (हशा, टाळ्या) त्याचं पुढे भांडण झालं, तो रेघेच्या बाहेरून आला होता हे खरंच होतं, आणि त्याला पुन्हा राज्य घ्यावं लागलं.

बरं, वेळ होत आलीय. प्रश्न घेऊ. हो, त्या मागच्या आजी.

प्रश्न : माझा नातू नऊ वर्षांचा आहे, मतिमंद आहे. घरी खेळतो आमच्याशी, पण हरला की फार रडतो, वस्तू फेकतो. म्हणून आम्ही त्याला जिंकूच देतो. ते चुकतं का?

चुकतं असं नाही म्हणणार, आजी. प्रत्येक आजी तेच करते. पण त्याला शेजारची मुलं जिंकू देणार नाहीत, आणि मग तो त्यांच्याशी खेळणार नाही. तर हरायची सवय तुमच्याकडेच होऊ दे, जिथे कुशीत घ्यायला कुणी आहे. सापशिडी आणा. ती यासाठी फार चांगली, कारण तिथे हुशारी चालतच नाही. फासा पडेल ते. तुम्हीही हरता, त्याचे बाबाही हरतात. शंभर घरं जास्त होतील, म्हणून आधी पुठ्ठ्यावर वीस घरांची करा, एकच साप, एकच शिडी, पाच मिनिटांत डाव संपला पाहिजे. अंक कळत नसतील तर घरांना रंग द्या आणि फाशालाही तेच रंग लावा. हातात फासा धरवत नसेल तर पेल्यात घालून पालथा करू दे. आणि पहिले काही दिवस साप तुम्हालाच लागला तर चांगलं. लागला की तुम्ही मोठ्याने हळहळा, कपाळाला हात लावा, "गेले गं बाई मी" म्हणा, आणि मग सोंगटी खाली नेऊन पुन्हा फासा टाका. त्याला आधी हे बघू दे. मग ज्या दिवशी साप त्याला लागेल तेव्हा तो रडेल, पट फेकेलही. पट उचला, सोंगट्या गोळा करा, पण त्याची सोंगटी वर ठेवू नका. सापाच्या शेपटीपाशीच ठेवा, आणि विचारा, "आता कुणाचा डाव?"

हं, पुढचा प्रश्न.